मिठूचा भोंगा आणि बापूंचा पालथा हात

दोंडाईच्याच्या स्टेशनवर बापू मला पोचवायला आले खरे, पण फलाटावर आलेच नाहीत. बाहेर लिंबाखाली आमची बैलगाडी उभी होती आणि ते बैलांपाशी. रेल्वे चुकू नये म्हणून त्यांनी जोडी जरा जास्तच पळवली होती, म्हणून आता पालथा हात एकेका बैलाच्या नाकपुडीसमोर धरून ते श्वास बघत होते. माझे वडील बैलांचे व्यापारी. बाजारात जनावर घ्यायचं असो की घरचं आजारी पडलेलं असो, दात, खूर, शेपूट सगळं नंतर. आधी हा पालथा हात. श्वास गरम आहे की गार, अडतोय की सरळ येतोय, हे कळल्याशिवाय ते तोंडातून शब्द काढत नसत. त्या दिवशी मला फार राग आला. पोर गाव सोडून चाललीय आणि हे बैलांची विचारपूस करतायत.

शेवटी मीच त्यांच्याकडे गेले. नमस्कार केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जनावर घट्ट धरजो, माय. ढिला हात ते वळखी लेस." गुरांची डॉक्टर झालेल्या लेकीला बैलांच्या व्यापाऱ्याने दिलेला हा निरोप. आईने खिडकीतून भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं आत ढकललं आणि सुरतेकडे जाणारी पॅसेंजर हलली.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. गावात राहिलात आणि मला अजून "पोपटाला कधी डॉक्टर लागतो का?" असं विचारता, त्या सगळ्यांसाठी, आणि त्याच पॅसेंजरने माझ्या आधी किंवा नंतर निघून वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत पोचलात, त्यांच्यासाठीही. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नवऱ्याला, प्रकाशला, सिल्वासाच्या एका धाग्याच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती आणि तिथल्या टोकरखाडा भागात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. सगळीकडे नवं सिमेंट, नव्या शेड, नवे भोंगे. मालक गुजराती, सुपरवायझर पुण्या-मुंबईचे, आणि मशीनवर उभी असलेली निम्मी पोरं आमच्या नंदुरबार-धुळ्याकडची. भाजीवालीशी गुजराती, वॉचमनशी हिंदी आणि घरी मराठी बोलता बोलता माझ्या तोंडात तिन्हींची भेळ झाली. हवा मात्र जिभेसारखी जुळवून घेईना. आमची खान्देशची हवा कोरडी, ओठ फोडणारी. इथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं आणि कपाटातल्या चपलांवर हिरवं यायचं.

दवाखान्याची पाटी लावली. म्हशीवाले येत, दारातून डोकावत आणि माझ्या मागे कोण आहे ते बघत. मागे कोणीच नसे. "डॉक्टरसाहेब क्यारे आवशे?" साहेब कधी येणार, असं विचारत. मीच डॉक्टर म्हटलं की म्हैस घरी न्यायची त्यांना एकदम घाई होई. मी रोज चिडायची आणि रोज पाटी पुसायची. पहिला पेशंट आला तो उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दुसऱ्या दिवशी. शेजारच्या गुजराती बाईंनी फडक्यात गुंडाळून एक कबूतर आणलं. मांज्याने पंख खांद्यापाशी चिरला होता. म्हैस नाही तर कबूतर, असं म्हणून मी ते घेतलं. मला कॉलेजात पक्ष्यांबद्दल जे शिकवलं होतं ते सगळं कोंबडी आणि तिची अंडी यांच्यापुरतं होतं. मी शिवलं ते अंदाजाने शिवलं.

कबूतर जगलं. अथालच्या पुलाजवळ त्याला सोडलं तेव्हा ते नदीवरून गेलं आणि मी तिथेच उभी राहिले. मनात आलं, हे नक्की कसं चालतं ते मला माहीत नाही. जे आपण दुरुस्त केलं ते काय होतं, हेच माहीत नाही. ही टोचणी काही जाईना. मग प्रकाशच्या मागे लागून मी मुंबईच्या एका धर्मादाय पक्षी दवाखान्यात शिकायला जाऊन राहिले. तिथले म्हातारे डॉक्टर कमी बोलत. त्यांनी मला कबुतराचं पंखाचं हाड हातात दिलं आणि मोडायला सांगितलं. आत मगज नव्हता, पोकळी होती. ते म्हणाले, "ही पोकळी फुप्फुसाला जोडलेली आहे. पक्षी पंखातसुद्धा श्वास घेतो." मी ते हाड बराच वेळ हातात धरून बसले. माझ्या बापाने आयुष्यभर जनावरांचे श्वास तपासले आणि मी पाच वर्षं कॉलेजात काढली, पण जगात असा श्वास आहे याचा आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

मग कळत गेलं की पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांच्या पुढे आणि मागे पातळ हवेच्या पिशव्या असतात, पोटापर्यंत पसरलेल्या. आपल्याकडे असतो तसा छाती-पोटामधला पडदा त्यांना नसतो, म्हणून छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पक्षी हातात घेतला की छाती मोकळी ठेवायची. बैलासारखा घट्ट धरला तर तो तुमच्या हातात गुदमरून मरेल आणि तुम्हाला वाटेल शांत झाला. बापूंचा निरोप असा पहिल्या दिवशीच मागे पडला. मला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली.

परत आल्यावर काम वाढत गेलं. पोपट तेव्हा घरोघरी असत, ते पाळायला कायद्याची अडचण नंतर आली. कॉलनीत लव्हबर्डची साथ असावी तशी हौस पसरली होती. पुण्याच्या एका मॅनेजरांनी कासव आणलं, थंडीत जेवत नाही म्हणून. ते बिचारं झोपलं होतं, साहेबांची झोप उडाली होती. ससे आले, पांढरे उंदीर आले. मी रोज काहीतरी उघडून बघायची आणि रोज थक्क व्हायची. पण सुट्टीला गावी गेले की बापू विचारत, "काय शे तठे?" मी सांगायची. ते ऐकून घेत आणि आईला म्हणत, "हौस शे तिनी." जनावर म्हणजे जे चारा खातं आणि औत ओढतं, बाकी हौस. ते रागाने म्हणत नसत, म्हणून जास्त लागायचं. कारण मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला एका पावसाळ्याच्या अखेरीस बापू सिल्वासाला आले. पहिल्यांदाच. बरोबर शेंगांचं पोतं आणि एक बातमी. गावाकडे बैलबाजाराच्या रस्त्यावर त्यांनी माझ्यासाठी दवाखान्याची शेड बांधली होती. फरशी घातली होती, बैल उभा करायला लाकडी खोडा केला होता. ते मला परत न्यायला आले होते. प्रकाशला धुळ्याला नोकरी मिळेल, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. प्रकाश म्हणाला, "तू ठरव, मी येतो." मला नाही म्हणता येईना. खोटं कशाला सांगू, जावंसं वाटत होतं. कोरडी हवा, आईच्या हातचं कळण्याच्या भाकरीचं जेवण, आणि मुख्य म्हणजे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही असं काम. बापूंना मी म्हटलं, चार दिवस राहा, मग सांगते. ते दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचे आणि येणाऱ्या लव्हबर्डकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिम्मत आला. हा नंदुरबारकडचा, सामरवरणीच्या चाळीत राहणारा, धाग्याच्या मशीनवर काम करणारा. त्याचा मिठू मला ठाऊक होता, कारण तो पोपट कारखान्याचा भोंगा वाजवायचा. हुबेहूब. हिम्मत त्याच्या भोंग्यावर उठून शिफ्टला जायचा आणि शेजारचे त्याला शिव्या घालायचे. मिठू "चाय मूक", म्हणजे चहा ठेव, म्हणायचा, "उठ रे हिम्मत" म्हणायचा, आणि "चलो चलो" म्हणून सुपरवायझरची नक्कलही करायचा.

"ताई, याचा आवाज पार बंद," हिम्मत म्हणाला. "चार दिन झाले, भोंगाच नाही वाजवला. मना खाडा पडना. मला वाटलं रुसला असेल. आज तर तोंड उघडं टाकून बसलाय."

मिठू पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली. आधी आवाज जातो आणि मग श्वास, याचा अर्थ मला माहीत होता. श्वासनलिका जिथे दुभंगते, जिथून पक्ष्याचा आवाज निघतो, नेमक्या त्या जागी काहीतरी वाढलं होतं. बाहेरून तिथे पोचायचा रस्ता नव्हता. मी तपासत असतानाच त्याने मान टाकली.

एकच उपाय होता, आणि तो मी फक्त एकदा, मुंबईत, दुसऱ्याच्या हातून झालेला पाहिला होता. गळ्यातून हवा जात नसेल तर बरगडीच्या मागे छेद घ्यायचा आणि हवेच्या पिशवीत नळी बसवायची. तान्ह्या बाळांना नाकातून दूध देतात ती नळी माझ्याकडे होती. तिचा तुकडा कापला. धरायला माणूस हवा होता. हिम्मत दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात बापू बाकावरून उठले आणि काही न विचारता त्यांनी पोपट उचलला. दोन्ही हातांनी, गच्च, बैलाचं नाक धरावं तसा.

"बापू, घट्ट नको," मी ओरडले. "छाती मोकळी सोडा. नाहीतर मरेल."

माझ्या वडिलांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटांत मान आणि टॉवेलात सैल अंग, असा त्यांनी तो धरला. ज्या हातांनी उधळलेले गोऱ्हे थांबवले, त्या हातांना असं धरणं किती जड गेलं असेल, ते मला त्यांच्या कपाळावरच्या घामावरून कळत होतं. सुन्न करायचं औषध नावापुरतं दिलं. छेद घेतला, नळी आत सरकवली, एक टाका घातला.

मिठूने चोच मिटली. शेपूट थांबलं. तो बापूंच्या हातात गप्प पडून राहिला.

बापूंनी एक हात मोकळा केला आणि पालथा करून चोचीसमोर धरला. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "गया." हिम्मतने रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावून टाकलं.

मी मिठूच्याच पोटावरचं एक मऊ पीस उपटलं आणि नळीच्या तोंडाशी धरलं. पीस हललं. आत ओढलं गेलं, बाहेर फेकलं गेलं, पुन्हा आत. मी बापूंचा हात धरून चोचीपासून बाजूला घेतला आणि बरगडीमागे, त्या नळीसमोर आणला. पालथाच.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या हाताने त्यांनी हजारो जनावरांचे श्वास ओळखले होते, आणि आता तिथे, पोटाच्या बाजूला, सुतासारखी बारीक गरम हवा लागत होती. ते हात काढीनात. "आठून?" ते म्हणाले. "माय, हाई आठून श्वास लेस?" इथूनच, अशी मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. मिठूने डोळा उघडून बापूंच्या अंगठ्याकडे बघितलं. बापूंनी हिम्मतला हाक मारून त्याचाही हात तिथे धरायला लावला. आम्ही तिघं, खान्देशातून निघून या दमट गावात आलेली माणसं, एका पोपटाच्या कुशीशी हात धरून उभे होतो.

मिठू जिवंत होता, पण आतली वाढ तशीच होती. ती बुरशीची असावी अशी मला शंका होती. संध्याकाळी आम्ही हिम्मतची खोली बघायला सामरवरणीला गेलो. एवढीशी खोली, एकच खिडकी, आणि कोपऱ्यात शेंगांचं पोतं. पिंजरा त्या पोत्यावरच ठेवलेला असायचा. गावाकडच्या शेंगा. हिम्मतची बायको म्हणाली, "आम्ही सणावारालेच खातस, ताई. याले मात्र पोटभर. घरच्या शेंगा शेतस ना." बापूंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर शेंगा काढल्या, फोडल्या, हुंगल्या. आत काळं-हिरवं, आणि धूर निघावा तशी बारीक पूड उडाली. आमच्याकडे हे पोतं वर्षभर कोरडं ठणठणीत राहतं, त्यावर कोणी पिंजरा ठेवला काय आणि माणूस झोपला काय. इथे एका पावसाळ्यात ते आतून कुजलं होतं आणि मिठू रात्रंदिवस त्याच्यावर बसून तोच वारा घेत होता. दुसऱ्या कोणाकडे हे झालं नसतं. गुजराती शेजाऱ्याने शेंगा पावशेर आणल्या असत्या आणि संपवल्या असत्या. घरून आलेलं पुरवून पुरवून ठेवायचं आणि सगळ्यात लाडक्याला द्यायचं, हे आमचंच.

हिम्मत रडायला लागला. बापू त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुनी चूक नही रे भो. आठली हवा येगळी शे." घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी आणलेलं पोतं कोणाला न सांगता उघडलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर गच्चीवर पसरलं.

प्रकाशने मुंबईहून बुरशीवरचं औषध आणलं. मी रोज जिभेमागच्या छिद्रातून मिठूच्या श्वासनलिकेत त्याचे थेंब सोडायची आणि तो नळीतून श्वास घेत मला चावायचा. धरायला बापू. ते चार दिवसांसाठी आले होते, पण परत जायचं कोणी काढेना. आता आलेल्या प्रत्येक पक्ष्याबद्दल ते विचारत, हा कुठून घेतो, तो कसा उडतो. मी कबुतराचं पोकळ हाड त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते उजेडाला धरून आरपार बघितलं आणि देवापुढे करतात तसं कपाळाला लावलं.

वाढ हळूहळू सुकली, सुटली, आणि एक दिवस नळी काढता आली. त्यानंतर एका दुपारी मी औषध मोजत असताना दवाखान्यात भोंगा झाला. फाटका, अर्धा, मधेच बसलेला. बापू बाकावर पेंगत होते ते दचकून म्हणाले, "शिफ्ट सुटनी का?" मग त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. बापूंना मी एवढं मोठ्याने हसताना गावी कधी पाहिलं नव्हतं. हिम्मत आला तेव्हा मिठूने त्याला "चलो चलो" केलं. तोही धड आवाज नव्हता, पण हिम्मतला तो चालला.

बापू निघाले तेव्हा वापी स्टेशनवर मी विचारलं, "आणि शेडचं काय, बापू?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कोंबड्या बसतील." एवढंच. मला परत चल असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. तेव्हापासून आई शेंगांचं पोतं देत नाही, भाजून पुरचुंडी देते, पंधरवड्यात संपेल एवढीच.

घर कुठलं, असं मला खूप वर्षं कोणी विचारलं की मी दोंडाईचं सांगायची. पुढे सिल्वासा सांगायला लागले. तरी दोन्ही वेळा काहीतरी अर्धं राहिल्यासारखं वाटायचं, कारण एका जागी माझी माणसं होती आणि दुसऱ्या जागी माझं काम, आणि दोघांची ओळख नव्हती.

मग एका दिवाळीला गावी गेले. बापू घरी नव्हते. आई म्हणाली, बाजाररस्त्याच्या शेडमध्ये असतील. तिथे गेले तर बैलांचे पाच-सहा व्यापारी गोल करून बसलेले आणि मधे बापू, मांडीवर एक कोंबडी. दोन बोटांत मान, सैल अंग. तिच्या कुशीतली पिसं बाजूला करून ते सांगत होते, "घट्ट नका धरू. छातीवर हात ठेवा का मरी जास. यास्ना श्वास पोटपावत ऱ्हास, पंखमा ऱ्हास." एक म्हातारा म्हणाला, "कोन सांगस?" बापू म्हणाले, "मनी पोर. सिल्वासाले ऱ्हास. पक्षीस्नी डॉक्टर शे."

मी दारातच थांबले. त्यांनी वर पाहिलं, मला बघून जराही गडबडले नाहीत, आणि कोंबडी माझ्याकडे पुढे केली. "उनी का? धर. तू दाखाड यास्ले."

मी ती घेतली, छाती मोकळी सोडली, आणि ते सगळे पालथे हात करून जवळ आले.